‘गीत : पारंपरिक’ म्हणजे कोणाचे?

भिवंडी तालुक्यात चित्रित झालेले हळदीचे एखादे गाणे यूट्यूबवर लावावे आणि गाणे संपल्यावर त्याखालची श्रेयनामावली सवडीने वाचावी. निर्माता, सहनिर्माता, गायक, संगीत संयोजक, ढोलकी, बेंजो, कीबोर्ड, ध्वनिमुद्रण, छायाचित्रण, ड्रोन, संकलन, मेकअप, पोस्टर, सोशल मीडिया आणि विशेष आभार. ज्याच्या अंगणात मांडव घातला त्या घरमालकाचे नाव असते, नवरीच्या नऊवारीचे दुकान असते. चहापाणी सांभाळणाऱ्या मुलाचे नावही मी एका ठिकाणी वाचले आहे. ही नामावली मला मनापासून आवडते. चित्रपटाच्या शेवटी पळत जाणाऱ्या यादीपेक्षा ती मोकळी असते, कारण तिच्यात अख्खे गाव असते. फक्त एका जागी ती अडखळते. ज्या शब्दांवर आणि ज्या चालीवर हा सगळा डोलारा उभा असतो, त्यांच्यापुढे एकच शब्द असतो : पारंपरिक.

हा शब्द तिथे कसा येऊन बसला, त्याचा शोध मी गेली काही वर्षे घेतो आहे. मी विद्यापीठातला माणूस नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली, रविवारी जुन्या बाजारातून तबकड्या आणि कॅसेटा गोळा करण्याचा नाद लागला, आणि त्या ऐकता ऐकता त्यांच्यावरचा मजकूर वाचायची सवय जडली. एवढेच भांडवल.

कंपनी नाही, मोठा निर्माता नाही, आणि तरी मोबाइलच्या जोरावर गायक घरोघरी पोहोचतो, ही आजची मोठी नवलाई म्हणून सांगितली जाते. संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’चे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यातून आलेल्या या तरुणाचे गाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, लोकांनी त्यावर स्वतःच्या रील्स केल्या आणि बघता बघता ते दहा कोटी वेळांहून अधिक पाहिले गेले. नवलाई खरीच आहे. पण गाणाऱ्याने आपल्या नावाचा गाजावाजा आपणच करायचा, ही गोष्ट मुळीच नवी नाही. माझ्या मते बदलत आली आहे ती नाव ठेवण्याची जागा. कधी ते गाण्याच्या शेवटच्या ओळीत होते, कधी तबकडीच्या लेबलवर, कधी कॅसेटच्या वेष्टनावर. आणि जागा बदलताना प्रत्येक वेळी कोणाचे तरी नाव खाली सांडले.

मराठी गाणाऱ्याची पहिली युक्ती म्हणजे नाव गाण्यातच विणून टाकणे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ या नाममुद्रांकडे आपण भक्तीच्या अंगाने पाहतो आणि ते योग्यच आहे. पण त्यांची एक व्यवहाराची बाजूही आहे. छापखाना नव्हता. वही दुसऱ्याच्या हाती गेली की ती कोणाची हे कळायला मार्ग नव्हता, आणि गाणे तर वहीवाचूनच गावोगाव जायचे. नाव चरणात बसवले की ते काढणे अवघड; काढले तर चरण लंगडा पडतो आणि गाणाऱ्याची जीभ अडते. याचा उलटा उपयोगही झाला. मोठ्या संताची मुद्रा आपल्या रचनेला लावली की रचना लांब जाते, हे तेव्हाही लोकांना कळत होते. तुकोबांच्या नावावर चढलेले प्रक्षिप्त अभंग वेगळे काढता काढता अभ्यासकांची दमछाक झाली ती त्यामुळेच. आज प्रसिद्ध माणसाचे नाव हॅशटॅगमध्ये घालून आपली चित्रफीत पुढे ढकलणारे तरुण काही वेगळे करत नाहीत.

शाहिरांनी ही रीत आणखी धीटपणे चालवली. लावणीच्या किंवा पोवाड्याच्या अखेरीस कवीचे नाव येते, कधी गुरूचे, कधी गावाचे, कधी साथीदाराचेही. होनाजी बाळा हे नाव तर दोघांचे आहे. होनाजी रचणारा, बाळा गाणारा, आणि दोन्ही नावे एकत्रच लोकांपुढे गेली. लिहिणारा आणि गाणारा यांनी श्रेय असे निम्मेनिम वाटून घेतल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. ते नाव कवनातून इतके फिरले की मूळ नाव आता सांगावे लागते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनीही गीताच्या शेवटी ‘वामन’ ठेवला. त्यांची गीते महाराष्ट्रभर गायनपार्ट्यांनी उचलली, त्यांपैकी कित्येकांनी वामनदादांना पाहिलेले नव्हते. पण शेवटचे कडवे गायले की नाव आपोआप घेतले जायचे.

भिवंडीत राहणाऱ्याला हे समजायला आणखी एक वाट आहे. आमचे गाव मुशायऱ्यांचे. उत्तरेतून आलेल्या विणकरांनी माग आणले तशी उर्दूही आणली. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपले तखल्लुस गुंफतो. मागाच्या खडखडाटात दिवसभर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून बोलणारा कारागीर रात्री मुशायऱ्याला जाऊन बसायचा आणि सकाळी चहाच्या टपरीवर शेर म्हणून दाखवायचा. मक्ता लक्षात राहिला तर शायर लक्षात राहायचा. ज्याच्या मक्त्यात दम नाही, त्याचे शेर गावभर होत आणि नाव मात्र कोणाला माहीत नसे.

मग यंत्र आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. त्या तबकड्यांच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात. मुद्रण कलकत्त्यात आणि तबकडी घडायची जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणता आवाज कोणाचा हे कळावे म्हणून ही सोय होती, असे सांगितले जाते. सोय असो वा ऐट, ती शेवटच्या ओळीतल्या नावाचीच पुढची पायरी होती. पुढे लेबल नेटके छापले जाऊ लागले आणि आरोळीची गरज संपली. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. ज्या कवनाला रात्रीतला तासभर लागायचा ते तीन मिनिटांत बसवायचे, म्हणजे कडवी कापणे आले. कडवी कापायला बसले की अखेरच्या कडव्यावर आधी नजर जाते. गाण्यातले नाव असे बाहेर आले आणि कागदाच्या गोल तुकड्यावर जाऊन बसले. आता ते नाव कोणाचे असावे हे कंपनी ठरवणार होती.

कंपनीच्या दाराशी उभे राहणाऱ्यांची रांग मोठी होती. म्हणूनच १९३५ मध्ये मुंबईत निघालेल्या ‘यंग इंडिया’ या देशी छापाचे मला अप्रूप वाटते. वडाळ्याला त्यांचा कारखाना होता आणि जेमतेम वीस वर्षे, १९५५ पर्यंत, तो चालला. एचएमव्हीने ज्यांना बोलावले नसते अशा नवख्या, हौशी, गावोगावच्या गायकांना त्यांनी माइकसमोर उभे केले. सुरेश चांदवणकर आणि मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संग्राहकांच्या संस्थेने या तबकड्यांची नोंद ठेवली नसती, तर हा सगळा अध्याय भंगारात गेला असता. स्वतंत्र संगीताचा महाराष्ट्रातला इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याने सुरुवात वडाळ्यापासून करावी असे माझे मत आहे.

एचएमव्हीच्या काळात समुद्रकाठच्या माणसांचे काय झाले, ते एका उदाहरणावरून कळेल. कोळीगीत म्हणून सगळ्या महाराष्ट्राने जे ऐकले ते ‘मी डोलकर’. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, आवाज लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांचे. गाणे उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण त्या तबकडीवर डोलीने मासे पकडणाऱ्या घरातले कोणी नव्हते. तसा माणूस ऐकू यायला कॅसेट यावी लागली. ‘वेसावकर आणि मंडळी’ या नावाने वेसाव्याच्या कोळ्यांची गाणी कॅसेटवर आली आणि लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत वाजू लागली. हे नाव मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्यात गाव आहे आणि मंडळी आहेत. नाममुद्रा एका माणसाची असायची. इथे ती अख्ख्या कोळीवाड्याची झाली.

कॅसेटने काय उलथापालथ केली ते पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात सविस्तर मांडले आहे. तबकडी काढायला कारखाना लागायचा; कॅसेट काढायला दोन खोल्या पुरत. एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून शेकडो लहान उत्पादक उभे राहिले. आपल्याकडे व्हीनस, टी-सिरीज यांच्या जोडीला लहानमोठे कितीतरी मराठी छाप निघाले. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचा आवाज वाड्यावस्त्यांवर पोहोचला तो या कॅसेटांनीच. चैत्रातली वज्रेश्वरीची यात्रा, कार्ल्याची एकवीरा, मलंगगड, सहा डिसेंबरची चैत्यभूमी हे तिचे बाजार होते. रस्त्याकडेला चादर अंथरून कॅसेटा मांडायच्या आणि कर्णा लावून त्यातलीच एक वाजवायची, हीच जाहिरात.

या कॅसेटांच्या वेष्टनाचा कागद मी नेहमी उलगडून पाहतो. आतल्या बाजूला, अगदी बारीक टाइपात, ‘कार्यक्रमासाठी संपर्क’ असे लिहून खाली पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक दिलेला सापडतो. पुष्कळदा तो शेजारच्या वाण्याचा किंवा पानवाल्याचा असायचा. कॅसेट विकून गायकाला फारसे मिळत नव्हते. त्याचे पोट सुपारीवर होते. कार्यक्रम ठरवताना विडासुपारी द्यायची, त्यावरून कार्यक्रमालाच सुपारी म्हणतात. वर्तमानपत्रांनी या शब्दाचे पार वाटोळे केले, पण तमाशा, कलापथक आणि हळदीच्या जगात तो अजून सोज्वळ आहे. कॅसेट ही सुपारी मिळवण्याची पत्रिका होती. हे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे होते, कारण आजची चित्रफीतही तेच काम करते.

पत्रिका हरवली ती मध्यंतरी. सीडी-व्हीसीडीचा काळ लवकर आटोपला आणि मेमरी कार्ड आले. धामणकर नाक्यापासून वंजारपट्टीपर्यंत मोबाइलच्या प्रत्येक दुकानात एक संगणक असायचा. दहा-वीस रुपये द्यायचे, कार्ड द्यायचे आणि ‘सगळी आगरी’, ‘सगळी भोजपुरी’, ‘सगळी कव्वाली’ असे सांगून भरून घ्यायचे. आंध्र-तेलंगणाकडून आलेले पद्मशाली कामगार तेलुगू गाणी भरून घेत. एका कार्डात शेकडो गाणी मावत आणि वेष्टन मात्र एकही नसे. फाइलीचे नाव कोणी इंग्रजी आकड्यात ठेवलेले, नाहीतर ज्या संकेतस्थळावरून उतरवले त्याचे. गायक कोण, गीत कोणाचे, सुपारीसाठी कोणाला गाठायचे, सगळे गेले. माझ्या पाहण्यात गाणी इतकी स्वस्त आणि गाणारे इतके निनावी दुसऱ्या कोणत्याच काळात नव्हते.

याच काळात डीजेंनी एक जुनी युक्ती नव्याने शोधली. हळदीत वाजणारे कोणतेही रिमिक्स ऐका. गाणे रंगात आले की मध्येच एक खर्जातला आवाज डीजेचे नाव पुकारतो. जाणकारांना हा रसभंग वाटतो. मलाही पूर्वी तो खटकायचा. एका बंद कारखान्याच्या पोटमाळ्यावर, भिंतींना ग्रे कापडाचे तागे ठोकून तयार केलेल्या खोलीत असे काम करणाऱ्या एका तरुणाला मी त्याचे कारण विचारले. तो म्हणाला की नाव शेवटी ठेवले तर लोक शेवट कापतात, सुरुवातीला ठेवले तर सुरुवात कापतात. म्हणून ते ढोलाच्या ठोक्यात मिसळून दर अर्ध्या मिनिटाने ठेवायचे, कापायचेच असेल तर गाणे फाटले पाहिजे. नाव काढले की चरण लंगडा पडावा, या संतांच्या युक्तीचे इतके नेमके स्पष्टीकरण मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्डाची दुकाने ओस पडली. टिकटॉकने गावागावात नाचणारे आणि गाणारे उभे केले. २९ जून २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. भिवंडीच्या आगरी पट्ट्यात या सगळ्याला जोर मिळण्याचे एक खास कारण होते. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांत भाताची शेते होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवणे परवडत असल्यामुळे तिथे गोदामे उभी राहू लागली. १ जुलै २०१७ ला जीएसटीने जकात संपवली तोवर ऑनलाइन खरेदीचा जमाना आला होता, त्यामुळे गोदामे कमी न होता वाढतच गेली. ज्यांच्या जमिनी त्यांच्या हाती गोडाऊनचे भाडे आले. त्या पैशातून हळदी मोठ्या झाल्या आणि गाण्यांना निर्माते मिळाले. आवणीची गाणी शेताबरोबर गेली, हळदीची मात्र दहा पटींनी वाढली. गंमत अशी की ज्या मोबाइलवर हे गाणे टिपले जाते तो बहुधा याच गोदामांतून, म्हणजे पूर्वीच्या खाचरांतून, घरी आलेला असतो.

यूट्यूबवरून थेट मिळणारा पैसा, मोठी नावे सोडली तर, थोडा. एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास पाहणी झाल्याशिवाय जाहिरातींचे उत्पन्न सुरूच होणार नाही, हा २०१८ मध्ये आलेला नियम लहान गायकांना जड गेला. तरी गाणी निघतच राहिली, कारण हिशेब सुपारीचा आहे. गाणे काढायचे ते मोसम पाहून : लग्नसराईच्या आधी हळदीचे, चैत्रात एकवीरेचे, श्रावणात गणपतीचे. आधी पोस्टर, मग पंधरा सेकंदांची झलक, मग नाचणाऱ्या मुलामुलींना आगाऊ चाल पाठवणे, मग गाणे. त्यातून सुपाऱ्या येतात आणि क्वचित त्याहून पुढची वाट उघडते. हळदीच्या कार्यक्रमांतून नावारूपाला आलेले संतोष चौधरी २०२१ मध्ये मराठी ‘बिग बॉस’च्या घरात गेले ते ‘दादूस’ म्हणून. आगरी बोलीत वडील भावाला हाक मारायचा शब्द. ही नाममुद्राच आहे, आणि फार हुशारीने निवडलेली.

रीलमध्ये मात्र पुन्हा तीन मिनिटांच्या तबकडीचाच खेळ आहे, आणखी आखडलेला. गाण्यातला एकच तुकडा उचलला जातो, बहुधा धृपद, आणि धृपदात नाममुद्रा नसते. वामनदादांचे गीत रीलमध्ये येते तेव्हा ‘वामन’ बाहेर राहतो.

तरी त्याच माध्यमाने कडूबाई खरात यांनाही आपल्यापर्यंत आणले. छत्रपती संभाजीनगरच्या या बाई एकतारीवर भीमगीते गात दारोदार फिरत होत्या. कोणीतरी मोबाइलवर ते टिपले, ते हातोहात पसरले आणि त्यांना कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. कंपनीच्या काळात हे घडले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. नुसते मान्य करून थांबता येत नाही, कारण कडूबाईंचे नाव चित्रफितीबरोबर गेले म्हणून बोलावणी आली. ते गेले नसते तर आपण एक हृदयस्पर्शी अनोळखी आवाज पुढे पाठवला असता आणि झोपी गेलो असतो.

आता पुन्हा हळदीच्या गाण्याकडे येऊ. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. मांडव, हळद, लग्न अशा प्रत्येक विधीला ती धवला गाते. तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. याच तालुक्यात वारल्यांच्या पाड्यांवर धवलेरी लग्न लावते. शब्द जुना आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपुराला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा झाला तेव्हा महदंबेने धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिला आपण ओळखतो ते या धवळ्यांमुळे. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, एवढाच काय तो फरक. महदंबेचे नाव टिकले कारण महानुभावांना लिहून ठेवायची सवय होती. भिवंडीच्या धवलारणींच्या पाठीशी असा कोणी लेखनिक नव्हता.

आणि धवल्याची घडण अशी की त्यात गाणारीच्या नावाला जागाच नाही. मी जे धवले ऐकले त्यांत धवलारीण सगळ्यांची नावे घेते. आधी देव, मग गाव, मग नवरा-नवरीचे आईबाप, मामा, आते, मांडवाचा खांब आणणारे, हळद दळणाऱ्या. कोणाचे नाव राहिले तर रुसवा होतो, म्हणून ती आधी विचारून घेते. एवढ्या याद्या तोंडपाठ ठेवणारी बाई शेवटी स्वतःचे नाव घेत नाही. घेण्याची रीत नाही, आणि गरजही नव्हती. ज्या गावात ती गात होती तिथे तिला ओळखत नाही असा कोणी नव्हता. गाणे गावाबाहेर गेले तेव्हा प्रश्न उभा राहिला. संगीतकाराचा मुलगा येतो, मोबाइल पुढे धरतो, दोन धवले टिपून नेतो. चाल ढोलावर चढते, कधी तिच्याच आवाजाचा तुकडा गाण्याच्या सुरुवातीला बसतो, आणि खाली लिहिले जाते : पारंपरिक.

कोणी लबाडी करतो असे मला म्हणायचे नाही. बहुतेकांना तोच आदराचा शब्द वाटतो. परंतु त्या शब्दाने दोन गोष्टी एकत्र बांधल्या जातात. धवल्याचे शब्द कोणा एकाचे नाहीत, हे खरे. पण टिपलेला आवाज एका बाईचा असतो आणि त्याला कायद्यात जागा आहे. प्रताधिकार कायदा १९५७ चा; त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला. कलावंत कोण याची यादी त्यात आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरती करणारा, जादूगार आणि गारुडीही आहे. गारुडी ज्या यादीत बसतो तिथे धवलारीण बसणारच. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ख आले. आपले सादरीकरण आपल्या नावाने ओळखले जावे, हा कलावंताचा नैतिक हक्क त्यात मान्य केला आहे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसऱ्याला दिले तरी तो संपत नाही. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीला वाजणाऱ्या त्या आवाजापुढे ‘पारंपरिक’ लिहून भागत नाही. तिथे नाव हवे.

परंपरा आणि नाव एकत्र नांदू शकत नाहीत, असा एक समज आहे. त्याला उत्तर आधीच देऊन झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यात बसून आणि खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. ‘पारी’ने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिले, जमेल तिथे छायाचित्रही दिले. ओवीइतकी पारंपरिक गोष्ट दुसरी कोणती? तरी तिच्याखाली एका बाईचे नाव शोभून दिसते. जे संशोधकांना जमले ते हळदीच्या गाण्याच्या निर्मात्यांनाही अवघड नाही. ज्या यादीत ड्रोन उडवणारा आहे तिथे आणखी एक ओळ सहज मावते.

गेल्या लग्नसराईत हे मी दोन-तीन जणांपाशी बोललो. एकाने मनावर घेतले. तो काल्हेरच्या बाजूचा, स्वतः गातो, स्वतःच चित्रफिती काढतो. ज्या म्हाताऱ्या धवलारणीकडून त्याने चाल घेतली होती तिच्याकडे आम्ही दोघे गेलो. घरामागे गोदामाची निळी पत्र्याची भिंत, ओसरीवर ती सुपे सारवत बसलेली. त्याने मोबाइलवर गाणे लावले, तिने शेवटपर्यंत ऐकले आणि ढोल फार झाला एवढे म्हणाली. मग त्याने सांगितले की आता खाली तुझे नाव लिहितो, कसे लिहू ते सांग. माहेरचे की सासरचे, आडनावासकट की नुसते, हे तो विचारत राहिला. तिने सूप खाली ठेवले.

“पयले माजे सासूचा नाव लिव,” ती म्हणाली. “मना तिनीच शिकवला.” आणि मग सासूच्या सासूचे नाव आठवायला लागली.